सदुसष्टनंतरची चांदणी

श्रोतेहो,

प्रोग्रामिंग शिकवणारी बहुतेक पुस्तके वर्तुळाच्या क्षेत्रफळाने किंवा किराणा दुकानाच्या बिलाने सुरू होतात. त्यात चूक काही नाही. पण त्या बिलाचा आकडा पडद्यावर उमटला तरी तो बरोबर आहे की नाही याचा अंदाज शिकणाऱ्याला नसतो आणि खरे सांगायचे तर त्याला त्याचे सोयरसुतकही नसते. क्रिकेटचे तसे नाही. ज्याने जन्मात प्रोग्रामची एक ओळ लिहिलेली नाही, तोसुद्धा एखाद्या फलंदाजाची सरासरी ४ किंवा ४०० आली की चटकन म्हणतो, ‘काहीतरी गडबड आहे.’ हा संशय घेता येणे हे नवशिक्याचे मोठे भांडवल आहे. मी खेळाच्या आकडेवारीपासून सुरुवात करतो ती याच कारणासाठी. विषय रंजक व्हावा हा हेतू दुय्यम आहे.

पहिल्या तासाला मी १९७१ची वेस्ट इंडीजमधली मालिका घेतो. सुनील गावसकर यांची ती पदार्पणाची मालिका. पहिल्या कसोटीत ते नव्हते. उरलेल्या चार कसोटींतले त्यांचे आठ डाव असे: ६५, ६७*, ११६, ६४*, १, ११७*, १२४ आणि २२०. हे आठ आकडे पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या एका लिस्टमध्ये, म्हणजे यादीत भरायचे, ‘एकूण’ नावाचा व्हेरिएबल (आकडा साठवण्याची नाव दिलेली जागा) शून्यावर ठेवायचा आणि लूप लावून, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला सांगून, एकेका डावाच्या धावा त्यात मिळवत जायचे, एवढाच पहिला धडा. व्हेरिएबलला ‘एकूण’ किंवा ‘धावा’ असे देवनागरी नाव दिलेले पायथॉनला चालते. इतकेच नव्हे, तर मजकूर म्हणून लिहिलेले ‘६५’ त्याच्या इंट या फंक्शनला (दिलेल्या गोष्टीवर ठरलेले काम करून उत्तर परत देणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याला) दिले, तर ते मुकाट्याने त्याची संख्या करून देते. वर्गात हे पहिल्यांदा दिसते तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

पण दुसऱ्याच डावाला गाडी अडते. ‘६७*’ या मजकुराची संख्या करता येत नाही, अशी तक्रार करून प्रोग्राम थांबतो. यावर दरवर्षी एकच तोडगा सुचवला जातो: चांदणी पुसून टाका. ती पुसली की बेरीज ७७४ येते आणि ती अचूक असते. मात्र तिला ८ने भागल्यावर सरासरी येते ९६.७५, आणि या मालिकेतली गावसकरांची नोंदलेली सरासरी आहे १५४.८०. ज्याला क्रिकेट ठाऊक आहे त्याच्या ध्यानात येते, की चांदणी म्हणजे नाबादची खूण, आणि नाबाद डावांच्या धावा मोजायच्या, पण भागताना ते डाव धरायचे नाहीत. म्हणजे भाजक ८ नव्हे, ५. मी ‘कचरा’ म्हणून पुसली त्या चांदणीतच अर्धी माहिती होती, हे ज्याचे त्याला उमगते. मग मुले असे फंक्शन लिहितात, की जे मजकूर घेते आणि दोन गोष्टी परत देते: धावा किती आणि फलंदाज बाद झाला की नाही. माहिती साफ करणे म्हणजे काय, यावर मी वेगळे व्याख्यान देत नाही.

फंक्शन तयार झाले की ते ओळखीच्या आकड्यांवर तपासायचे. डॉन ब्रॅडमन यांचे कसोटीतले ८० डाव, त्यांतले १० नाबाद, धावा ६९९६, भागाकार ९९.९४२८ असा निघतो, म्हणजे सर्वांना पाठ असलेले ९९.९४. वर्ग खूश होतो. लगेच सचिन तेंडुलकर यांचे आकडे द्यावेत: ३२९ डाव, ३३ नाबाद, १५९२१ धावा. संगणक दोन दशांश स्थळांपर्यंत ५३.७९ दाखवतो आणि सगळीकडे छापलेली सरासरी तर ५३.७८ आहे! प्रत्यक्ष भागाकार ५३.७८७१ येतो. पायथॉनचे राउंड हे फंक्शन त्याला जवळच्या आकड्याकडे नेते, तर क्रिकेटच्या नोंदींत पुढचे अंक नुसते छाटण्याची रीत आढळते. ब्रॅडमन यांच्या बाबतीत दोन्ही रीतींनी उत्तर एकच येते, त्यामुळे हा फरक तिथे लपून राहतो. एका उदाहरणावर चाललेला प्रोग्राम बरोबरच आहे असे समजू नये, ही गोष्ट मला आजवर यापेक्षा सोप्या रीतीने सांगता आलेली नाही.

षटकांचा घोळ याहून फसवा, कारण तिथे प्रोग्राम थांबतच नाही. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने ४८.२ षटकांत ४ बाद २७७ धावा केल्या. २७७ला सरळ ४८.२ने भागले तर धावगती ५.७५ येते. पण त्या ठिपक्यानंतरचे २ म्हणजे दोन दशांश नव्हेत, दोन चेंडू. ४८ षटकांचे २८८ आणि वरचे २ असे एकूण २९० चेंडू धरून सहा चेंडूंमागे हिशेब केला, की खरी धावगती ५.७३ मिळते. फरक किरकोळ म्हणून सोडून द्यावासा वाटेल. परंतु दोन संघांचे गुण समान झाले, की निव्वळ धावगतीचे असे शतांशच कोण पुढे जाणार ते ठरवतात. म्हणून षटके दशांश संख्या म्हणून साठवू नयेत, चेंडूंची संख्या म्हणून साठवावीत.

ज्यांना यापुढे जायचे आहे त्यांच्यासाठी क्रिकशीट या संकेतस्थळावर प्रत्येक चेंडूची नोंद असलेल्या फाइली विनामूल्य मिळतात. त्या उघडल्यावर पहिले काम म्हणून एका फलंदाजाने किती चेंडू खेळले तेवढेच मोजून पाहावे. सोपे वाटते, पण वाइड चेंडू फलंदाजाच्या खात्यात धरत नाहीत, नो-बॉल मात्र धरतात, आणि तोच नो-बॉल षटकाच्या सहा चेंडूंत मोजला जात नाही. एका ‘जर’च्या पोटात दुसरा ‘जर’ लिहावा लागतो तो इथे. तुमचा आकडा छापील धावफलकापेक्षा एक-दोनने जास्त आला, तर आधी वाइडकडे पाहा.