अर्ध्या बांगडीच्या केंद्राशी

विद्यार्थिमित्रहो, ही प्लास्टिकची बांगडी तुळशीबागेतली असून ती मी मधोमध कापून आणली आहे. तिची त्रिज्या ३ सेंटिमीटर असून या अर्ध्या तुकड्यावर १ नॅनोकुलोम धन प्रभार सगळीकडे सारखा पसरला आहे, असे आपण धरू. बांगडी धातूची असती तर असे धरता आले नसते, कारण धातूवरचा प्रभार टोकांकडे सरकून तिथे दाटतो; प्लास्टिकवर तो ठेवला तिथेच राहतो, निदान पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात तरी.

केंद्रबिंदूचे विद्युत विभव, म्हणजे तिथे एकक प्रभारामागे असणारी स्थितिज ऊर्जा, काढण्यात फारसे कष्ट नाहीत. विभव अदिश आहे, म्हणजे त्याला दिशा नसते, आणि प्रभाराचा प्रत्येक कण केंद्रापासून सारख्याच अंतरावर आहे. म्हणून कुलोमच्या स्थिरांकाला एकूण प्रभाराने गुणून त्रिज्येने भागले की ३०० व्होल्ट मिळतात. तेवढाच प्रभार पाव बांगडीवर किंवा अख्ख्या बांगडीवर पसरला, तरी उत्तर तेच.

आता चूक होते ती पुढे. विद्युतक्षेत्र (एकक प्रभारावर लागणारे बल) म्हणजे विभवाचे ऋण विकलन हे पाठ असल्याने अनेकजण या सूत्राचे त्रिज्येच्या संदर्भात विकलन करतात आणि १०,००० व्होल्ट प्रतिमीटर असे उत्तर लिहून मोकळे होतात. परंतु त्या सूत्रातील त्रिज्या हे बांगडीचे माप आहे, आपण उभे आहोत त्या बिंदूचे स्थान नव्हे. असे विकलन करणारा ‘बांगडी फुगवली तर केंद्राचे विभव किती बदलेल?’ या प्रश्नाचे उत्तर देतो. क्षेत्राचा प्रश्न मात्र बांगडी जागच्या जागी ठेवून आपण केंद्रापासून किंचित सरकलो तर काय होईल, हा आहे, आणि एका बिंदूवरच्या विभवावरून तो सुटत नाही.

म्हणून क्षेत्र सदिश रीतीनेच मिळवावे. सममितीमुळे आडवे घटक एकमेकांना खोडतात आणि दुभाजकाच्या दिशेचे, कोनाच्या कोसाइनला गुणलेले घटक उरतात. उणे ९० ते अधिक ९० अंश या कोसाइनचे संकलन २ येते, तर कंसाचा कोन पाय (π) रेडियन, म्हणून १०,००० ला २ भागिले पायने गुणायचे: सुमारे ६,३७० व्होल्ट प्रतिमीटर, दिशा बांगडीपासून दूर. पाव बांगडीला हेच ९,००० येते, पूर्ण बांगडीला शून्य.

मला स्वतःला याहून आवडते ती पुढची गोष्ट. कंसाच्या मध्यबिंदूशी स्पर्शिका काढा आणि त्या अनंत रेषेवर कंसाइतकीच रेषीय प्रभारघनता, म्हणजे एकक लांबीमागचा प्रभार, ठेवा. केंद्रातून एका चिमुकल्या कोनात पाहिले असता रेषेचा जो तुकडा दिसतो, तो कंसाच्या तुकड्यापेक्षा लांब असतो खरा, पण त्याची लांबी अंतराच्या वर्गाच्याच प्रमाणात वाढलेली असते. त्यामुळे दोन्ही तुकड्यांचे क्षेत्र तंतोतंत सारखे येते आणि अर्ध्या बांगडीच्या जागी ही सरळ रेषा ठेवली तरी केंद्राला फरक कळत नाही. विभवाला तो कळतो: तिथे भागाकार अंतराच्या पहिल्या घातानेच असल्याने दूरच्या तुकड्यांचा वाटा वाढतच जातो आणि रेषेसाठी बेरीज अनंताकडे धावते, बांगडीसाठी मात्र ३०० व्होल्टच राहते.