वैशाखात निजणारी झाडं

मंडळी, केळीला आपण किती जपतो! कडेनं शेवरी लावतो, घडाला वाळकी पानं गुंडाळतो. बांधावरच्या बोरीला कधी कोणी सावली केली आहे का? जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा बोरीनं पानं टाकून दिलेली असतात. ती निजलेली असते, आणि म्हणूनच वाचते.

छाटणी याच झोपेत करायची, एप्रिल-मेमध्ये. नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात फूल येतं. फूट पावसावर जोमानं वाढली की हिवाळ्यात बोरं लगडतात. जळगावच्या मेहरूण भागातल्या बोरांचं नाव याच हवेवर झालं. बोरीला खरी भीती ढगाळ, दमट हिवाळ्याची. भुरी, म्हणजे पांढरी बुरशी पडते आणि कोवळी फळं गळतात.

आवळ्याचं तर मला फार नवल वाटतं. फुलतो वसंतात, पण धरलेलं फळ उन्हाळाभर वाढतच नाही. पाऊस पडला की मग ते वाढीला लागतं. कार्तिकात आपण आवळीखाली जेवायला बसतो, त्या फळाचा गर्भ चैत्र-वैशाखात झाडावरच निजलेला होता.

आता सीताफळ. तोरणमाळ-धडगावच्या डोंगरांत ते आपसूक वाढतं, म्हणून त्याला काही लागत नाही असं आपण धरून चालतो. माझ्या बरड रानात बारा झाडं आहेत. एका वर्षी मे महिन्यात फुलांनी फांद्या भरल्या, मी हरखलो, आणि पंधरा दिवसांत खाली फुलांचा सडा. खत कमी पडलं असं वाटून मी खत घातलं. चूक माझी होती. सीताफळाचं फूल आधी मादी असतं, पराग नंतर सुटतो. त्यामुळे स्वतःचा पराग त्याच्या उपयोगी येत नाही. दुसऱ्या फुलातला पराग आणतात ते पाकळ्यांत शिरणारे बारीक भुंगेरे. तोवर फुलाचं तोंड ओलसर राहायला हवं. कोरड्या झळांत ते सुकतं. म्हणून मेमधली बहुतेक फुलं वाया जातात, आणि खरी फळधारणा हवेत ओल आल्यावर, जून-जुलैत होते.

आता पाऊस लांबला तर काय होईल, तुम्हीच बघा. झाड ठणठणीत दिसेल, फळ मात्र मोजकंच. उलट फळ पक्व होताना, पाण्याच्या ताणानंतर जोराचा पाऊस झाला, तर फळं तडकतात.

उपाय कष्टाचा आहे, पण आहे. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन टाका, वाऱ्याच्या बाजूला कुंपण दाट करा. थोडीच झाडं असतील तर पूर्ण उमललेल्या फुलांचा पराग वाटीत झाडून घ्या आणि सकाळच्या गारव्यात, पाकळ्या जेमतेम विलगलेल्या फुलांना मऊ ब्रशनं लावा. फूल हिरवट असतं, पानांत लपतं. फांदी वर उचलून बघावं लागतं.