पुकारा एकट्याच्या नावाचा होतो

नमस्कार मंडळी. आत्ता कुठं तव्यावर भाकरी असेल, कुणी लूमवरची पाळी संपवून नुकतंच घरी आलं असेल, कुणी विड्यांची मोजणी करत बसलं असेल. रेडिओचा आवाज जरा वाढवा. आज जे सांगायचंय ते घरात सतरा-अठरा-वीस वर्षांचं पोरगं असलेल्या प्रत्येकानं ऐकावं असं मला फार वाटतंय.

मी सोलापूरच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो, वीस वर्षं होऊन गेली. खुनाच्या केसेस चालवल्या, दरोड्याच्या चालवल्या, पण जीव तुटतो तो दंगलीच्या केसमध्ये. दंगलीतल्या पोराला विचारलं, का गेलास रे, तर ते खाली बघतं आणि म्हणतं, "सगळे चालले होते सर, मीपण गेलो." बस, एवढंच.

माझ्याकडं एक केस आहे. फिर्यादीत लिहिलंय, 'गैरकायद्याची मंडळी जमवून', मग अकरा नावं, आणि त्याच्यापुढं 'व इतर ५० ते ६० अनोळखी इसम'. ते पन्नास-साठ इसम आजपर्यंत सापडले नाहीत, सापडणारही नाहीत. अकरातला सात नंबरचा आरोपी पूर्व भागातला, आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात. पोरगं रोज पहाटे होम मैदानावर पळायला जायचं, पोलीस भरतीची तयारी चाललेली. एका बंदच्या दिवशी मित्राचा फोन आला, चौकात ये, भाऊ येणारेत. हा गेला. भाऊ, म्हणजे तिथले पुढारी, आले, गाडीवर उभं राहून दहा मिनिटं बोलले आणि निघून गेले, आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात एका बसच्या काचा फुटल्या, एका हवालदाराचं डोकं फुटलं आणि एका शिंप्याचं दुकान जळलं.

पोरगं शपथेवर सांगतं, मी एक खडासुद्धा उचलला नाही. व्हिडिओ आहे, त्यात खरंच त्याच्या हातात काही दिसत नाही. पण तो पुढच्या रांगेत आहे, हात वर आहे, घोषणा देतोय. आणि तो व्हिडिओ पोलिसांनी शोधून काढलेला नाही, त्याच्याच मित्रानं स्टेटसला ठेवला होता.

आता इथं कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण नव्वद टक्के पोरांना वाटतं की दगड मारला नाही म्हणजे आपण सुटलो. तसं नाहीये. पाच किंवा जास्त माणसं बेकायदेशीर कामाच्या उद्देशानं जमली की तो बेकायदेशीर जमाव, आणि त्या सगळ्यांचा जो उद्देश आहे तो पुरा करण्यासाठी त्यातल्या एकानं जरी गुन्हा केला तरी त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा धनी होतो. जुन्या दंडविधानात हे १४९ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ते १९० झालं. नुसत्या दंगलीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हातात घातक हत्यार असेल तर आता पाच वर्षांपर्यंत, आधी तीन होती. पण त्या दंगलीत कुणाचा जीव गेला तर हेच १९० कलम खुनाच्या कलमाला जोडून लागतं आणि तुम्ही मारलेलं नसलं तरी जन्मठेपेपर्यंत, अगदी फाशीपर्यंतही जाऊ शकता. जमाव बेकायदेशीर झालाय हे कळल्यावरही तुम्ही तिथं थांबलात, तर ते थांबणंच तुमच्याविरुद्ध धरलं जातं. पोलिसांनी पांगा म्हणून सांगितल्यावरही उभे राहिलात तर त्याचा गुन्हा आणखी वेगळा. म्हणून मी पोरांना एकच सांगतो, पहिली काच फुटली की तिथनं निघ, मित्र भित्रा म्हणू दे, खुशाल म्हणू दे.

आणि हेच तर खरं कारण असतं बघा, भित्रा म्हणतील हे. इतक्या वर्षांत मी जी पोरं बघितली त्यातली द्वेषानं पेटलेली थोडीच. काहींना खरंच वाटतं आपल्यावर अन्याय झालाय, आपल्या समाजाचा अपमान झालाय, आणि तो राग खोटा नसतो, तो मी नाकारणार नाही. काहींना भाऊंनी नावानं हाक मारली एवढंच पुरतं, उद्या वॉर्डात तिकिटाचं बघू असं कुणीतरी म्हटलेलं असतं. कुणी जुनं भाडेकरूचं भांडण काढून घेतो, कुणी फुटलेल्या दुकानातनं मोबाईल उचलतो. आणि बरीचशी पोरं फक्त गर्दीतला तो जोर अनुभवायला जातात, की आपण दोनशे जण आहोत आणि आज आपल्याला कुणी अडवत नाही. रोज मुकादमाचं ऐकून घेणाऱ्या पोराला तो अर्धा तास केवढा मोठा वाटत असेल, हे मला कळतं. पण कळलं म्हणून शिंप्याचं दुकान परत येत नाही.

त्या शिंप्याबद्दल बोललंच पाहिजे, कारण आम्ही वकील आरोपींबद्दलच बोलत राहतो. साठीचा माणूस, तीन मशिनी होत्या, लग्नसराईचे कपडे शिवायला आलेले होते. मशिनी गेल्याच, शिवाय लोकांचं कापडही जळलं, ते त्यानं स्वतःच्या पैशानं भरून दिलं. साक्षीला आला तेव्हा उलटतपासणी मीच घेतली. मी विचारलं, सात नंबरच्या आरोपीला आग लावताना पाहिलं का? म्हणाला, "नाही साहेब, आग लावताना नाही पाहिलं. पण मी हात जोडत होतो तेव्हा हा पोरगा समोरच होता." मी खाली बसलो. पुढचा प्रश्न मला सुचेना.

नुकसानभरपाईचा कायदा अगदीच नाही असं नाही. सार्वजनिक मालमत्तेसाठी १९८४ चा कायदा आहे, त्यात आग लावली तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षं शिक्षा. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुकसान करणाऱ्यांकडून आणि ज्यांनी आंदोलन बोलावलं त्यांच्याकडूनही वसुली व्हावी. आपल्या मुंबई हायकोर्टानं तर त्याआधीच, २००४ मध्ये, मुंबई बंद केल्याबद्दल शिवसेना आणि भाजप या दोन पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला सांगितले होते. म्हणजे वाट आहे. पण माझ्या शिंप्यापर्यंत त्या वाटेनं अजून एक रुपया आलेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज इथं आलो ती सांगतो. अकरा आरोपींमध्ये भाऊ नाहीत. दंगल व्हावी म्हणून चिथावणी दिली तर न्याय संहितेत १९२ कलम आहे, पण दंगल प्रत्यक्षात झाली तरी त्याची शिक्षा फक्त एक वर्षापर्यंत. समाजासमाजात तेढ निर्माण करणाऱ्या भाषणाला १९६ कलम आहे, तीन वर्षांपर्यंत. पण १९६ ची केस कोर्टानं हातात घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. दगड मारणाऱ्या पोरावर केस चालवायला असली कुठली परवानगी लागत नाही. माईकवर बोलणाऱ्यावर चालवायला लागते, आणि ती द्यायची कुणी, तर सरकारनं. हा नियम कधीकाळी कुणी उगाच कुणाला भाषणावरनं अडकवू नये म्हणून केला, तो हेतू मला मान्य आहे. पण कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून बघितलं की दिसतं, भाषण करणारा सुटतो आणि ऐकणारा तारखा मोजतो.

पोरं म्हणतात, सर, भाऊ म्हणालेत केसेस मागे घेणार. सरकार बदललं की राजकीय आंदोलनातल्या काही केसेस मागे घेतल्या जातात हे खरंय. पण सरकारी वकिलानं अर्ज करावा लागतो, कोर्टानं तो मान्य करावा लागतो, आणि आपल्या राज्यात आजवर जे निर्णय निघाले त्यात जीवितहानी झालेली नसावी, नुकसान पाच लाखांच्या वर नसावं अशा अटी होत्या. ज्या केसमध्ये दुकान जळालंय तिथं या शब्दावर आयुष्य काढू नका.

अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ ला तिथल्या संसदेवर जमाव घुसला होता, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. साधारण दीड हजारांवर माणसांवर केसेस झाल्या. नोकरदार, धंदेवाले, निवृत्त सैनिक, घरदार असलेली माणसं. कित्येक जण स्वतः टाकलेल्या फोटो-व्हिडिओवरनंच पकडले गेले. अनेकांनी कोर्टात सांगितलं की आम्हाला वरनं बोलावलं होतं, म्हणून आलो. त्यानं कुणाची शिक्षा टळली नाही. नंतर २०२५ च्या जानेवारीत नव्या राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे ज्यांच्यासाठी ही माणसं गेली होती त्यांनीच, बहुतेकांना माफी दिली. मला ते पटलं नाही, कारण त्या दिवशी मार खाल्लेल्या पोलिसांना काय वाटलं असेल? आणि माफी मिळेपर्यंत कुणाची चार वर्षं गेली, कुणाची नोकरी गेली, घर मोडलं, ते माफीनं परत येत नाही.

अमेरिका लांब आहे असं म्हणू नका. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका धर्मोपदेशकानं टीव्हीवर पैगंबरांबद्दल वाईट बोललं, आणि बंदच्या दिवशी जीव गेले ते इथं, आपल्या सोलापुरात. ज्यानं बोललं त्याला आपलं शहर नकाशावर दाखवता आलं असतं का?

आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर मी अर्धंच बोललो असं होईल. जमावातला प्रत्येक जण जबाबदार, हे म्हणणं सोपं आहे, पण प्रत्येक जण जमावात होता का हे आधी सिद्ध व्हायला लागतं. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मोठ्या जमावाच्या केसमध्ये एखाद्या आरोपीबद्दल दोन-तीन साक्षीदार एकसारखं सांगत असतील तरच शिक्षा करणं बरं. २०२५ च्या मार्चमध्ये गुजरातमधल्या २००२ च्या दंगलीच्या केसमध्ये त्याच कोर्टानं सहा जणांना सोडलं, की आपल्याच गावात रस्त्यावर उभा असलेला माणूस नुसता तिथं होता म्हणून दंगलखोर ठरत नाही. बरोबर निकाल आहे. पण २३ वर्षं लागली.

हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर हे शहर उठलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि मंगळवार पेठेतल्या दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरनं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ती स्वातंत्र्याची लढाई होती, आजच्या दंगलीला तिच्या शेजारी बसवायचं पाप मी करणार नाही. मला फक्त खटल्याबद्दल बोलायचंय. जमावानं केलेल्या कामासाठी सरकारला कुणीतरी हवं होतं आणि चळवळीतली ठळक माणसं उचलली गेली, असंच इथं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. आपण दरवर्षी त्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. म्हणून दंगल झाली की "दिसेल त्याला आत टाका, घरावर बुलडोझर घाला" असं सोलापूरकरानं तरी म्हणू नये. तसंही, नोटीस न देता, म्हणणं न ऐकता आरोपीचं घर पाडता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं १३ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलंय.

सात नंबरचं पोरगं भरतीत ग्राउंड पास झालं होतं, लेखीत पण चांगले मार्क होते. चारित्र्य पडताळणीत ही केस निघाली आणि तिथंच थांबलं. आता ते एमआयडीसीत पॅकिंगला जातं. तारखेला येताना त्या दिवसाचा पगार जातो, आणि जामीनदार म्हणून मामा उभे आहेत म्हणून चुकवताही येत नाही. आई पायरीवर बसून राहते. परवाच्या तारखेला शिंपीही आला होता, त्याची साक्ष होऊन गेलीये, तरी येतो, म्हणतो, काय होतंय ते बघायचंय. पोरगं आणि शिंपी एकाच बाकड्यावर बसले होते, मध्ये पोराच्या आईची पिशवी. पट्टेवाल्यानं दारातनं पुकारा केला, फक्त पोराचं नाव घेऊन, आणि ते एकटंच उठून आत गेलं.