तापीकाठचा हिशेब: वापरलेल्या अणुइंधनाचे काय करायचे?

(दृश्य: प्रकाशा येथील तापीचा घाट, पहाट)

नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशाच्या घाटापाशी संथ वाहणारी तापी पुढे उकाईच्या जलाशयाला मिळते आणि धरणाखाली काही अंतरावर, गुजरातेत, काकरापारच्या अणुऊर्जा केंद्राला पाणी पुरवते. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राला जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणी भुसावळ परिसरात रोजच्या पाहण्यातल्या आहेत. काकरापारचे इंधन मात्र कुणाच्या नजरेस पडत नाही, कारण ते फारच थोडे लागते.

(दृश्य: इंधनाची जुडी, जवळून)

नैसर्गिक युरेनियमच्या गोळ्या भरलेल्या १९ नळ्यांची ही जुडी अर्धा मीटर लांब असून तिचे वजन सुमारे पंधरा किलो भरते. २२० मेगावॉटच्या अणुभट्टीला दिवसाकाठी अशा साधारण आठ जुड्या पुरतात आणि त्या भट्टी चालू असतानाच बदलल्या जातात. बाहेर आलेल्या जुडीत जवळजवळ ९९ टक्के युरेनियम शिल्लक असते आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्लुटोनियम नव्याने तयार झालेले असते.

या जुडीचे पुढे काय करायचे, याची दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे ती आधी पाण्यात थंड करून पुढे खोल खडकात कायमची पुरणे. फिनलंडने त्यासाठी ओन्कालो येथे भुयारे खोदली आहेत. दुसरे म्हणजे तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करून प्लुटोनियम वेगळे काढणे आणि ते पुन्हा इंधन म्हणून वापरणे. भारताने १९६४ मध्ये मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे अशी प्रक्रिया सुरू केली आणि तोच मार्ग पुढे कायम ठेवला.

(दृश्य: रावेर परिसरातील केळीची बाग)

रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ही कल्पना पिलबागेवरून चटकन समजते. घड काढल्यावर बुंध्याजवळचे पील राखले की नवे कंद आणि लागवडीचा खर्च वाचतो. अणुइंधनात मात्र दुसरे पीक काढणेच महाग पडते, कारण एक किलो प्लुटोनियम मिळवण्यासाठी अडीचशे किलोहून अधिक वापरलेले, तीव्र किरणोत्सारी इंधन जाड भिंतींआड, दूरनियंत्रित यंत्रांनी हाताळावे लागते.

मग स्वस्त काय? याचे उत्तर एका आकड्यात देणारा तक्ता माझ्या मते अपुरा असतो. युरेनियमचा भाव २००७ मध्ये पौंडाला १३० डॉलरच्या वर गेला, २०१६ च्या अखेरीस वीसच्या आसपास उतरला आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा शंभरावर पोहोचला. तरीही ही अनिश्चितता त्यातल्या त्यात सौम्य म्हणावी लागेल, कारण अणुविजेच्या खर्चात कच्च्या युरेनियमचा वाटा लहान असतो. प्रक्रिया-प्रकल्पांच्या बांधकामाची अनिश्चितता याहून मोठी आहे. जपानमधील रोक्काशो येथील प्रकल्पाचे काम १९९३ मध्ये सुरू झाले. ते १९९७ मध्ये संपायचे होते, पण त्यानंतर ही मुदत वीसहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली.

सर्वांत नाजूक भाग व्याजदराचा आहे. प्रक्रियेचा खर्च आज करावा लागतो, तर खडकात पुरण्याचा खर्च कित्येक दशकांनी येतो. चाळीस वर्षांनी लागणाऱ्या शंभर रुपयांसाठी ३ टक्के दराने आज सुमारे ३१ रुपये बाजूला काढावे लागतात, ५ टक्क्यांनी १४ आणि ८ टक्क्यांनी जेमतेम पाच. खडक तोच, जुडी तीच, तरीही गृहीत दर बदलताच पुरण्याचा मार्ग कागदावर सहापट स्वस्त दिसू लागतो. म्हणूनच दर न सांगता केलेली तुलना मला स्वीकारार्ह वाटत नाही.

(दृश्य: कल्पक्कमचा समुद्रकिनारा)

भारताची निवड मुळात केवळ किमतीवर झालेली नाही. देशात युरेनियम मर्यादित आणि थोरियम विपुल असल्याने होमी भाभांनी तीन टप्प्यांचा आराखडा मांडला, आणि प्लुटोनियम हा त्यातील दुसऱ्या टप्प्याचा आधार आहे. त्यासाठीच्या, तमिळनाडूतील कल्पक्कम येथील ५०० मेगावॉटच्या द्रुतप्रजनक (वापरते त्याहून अधिक इंधन तयार करू शकणाऱ्या) भट्टीला २००३ मध्ये ३,४९२ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली होती. पुढे हा आकडा ५,६७७ कोटींवर आणि नंतर त्याहीपलीकडे गेला. २०१० पर्यंत पूर्ण व्हायच्या या भट्टीत गाभा भरण्यास सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये.