लेक्चरखालच्या दोन ओळी

दृश्य: संगणकाच्या पडद्यावर गणिताचं रेकॉर्ड केलेलं लेक्चर. आवाज बंद. प्राध्यापिका वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिता लिहिता बोलताहेत.

निवेदन: आवाज आम्ही मुद्दाम बंद ठेवलाय. बाई काहीतरी महत्त्वाचं सांगताहेत एवढं कळतं, कारण त्यांनी एका ओळीखाली दोनदा रेघ ओढली. काय सांगितलं ते कळायला मार्ग नाही. ओठांवरून ताडावं, तर चेहरा फळ्याकडे.

आता कॅप्शन सुरू करू. यंत्राने आपोआप तयार केलेली.

दृश्य: पडद्याच्या तळाशी ओळ उमटते: "आकलन केल्यावर स्थिर अंक शून्य होतो".

निवेदन: वाचताना खटकत नाही. व्याकरण ठीक, शब्द ओळखीचे. पण बाई म्हणाल्या होत्या, "अवकलन केल्यावर स्थिरांक शून्य होतो." अवकलन म्हणजे डिफरन्शिएशन. ज्याला ऐकू येतं तो हसून सोडून देईल. ज्याला या ओळीच्या भरवशावर कॅल्क्युलस शिकायचंय, त्याला शंका आली तरी पडताळून पाहायला दुसरं काही हाताशी नाही.

आपोआप कॅप्शन करणाऱ्या यंत्रणा ९५ टक्के अचूकतेची भाषा करतात. परीक्षेत ९५ टक्के पडले तर पेढे वाटावेत, इथे मात्र जरा हिशेब करायला हवा. शिकवणारा माणूस मिनिटाला साधारण १५० शब्द बोलतो. ५० मिनिटांच्या तासाला झाले ७,५०० शब्द. त्यातले ९५ टक्के बरोबर म्हणजे ३७५ शब्द चुकीचे, मिनिटाला सात-आठ. कॅप्शनचं काम व्यवसाय म्हणून करणारे ९९ टक्क्यांचा आग्रह धरतात. त्यातसुद्धा तासाला ७५ चुका राहतात.

खरी अडचण आकड्याच्या पुढे आहे. या चुका तासभर सारख्या पसरलेल्या नसतात. "आणि", "म्हणून", "आता बघा" हे शब्द यंत्राने लाखो वेळा ऐकलेले असतात, ते क्वचितच चुकतात. चुकतात ते विषयाचे शब्द: संज्ञा, संयुगांची नावं, माणसांची आडनावं, ग्रीक अक्षरं. ज्या शब्दांसाठी तास घेतला, नेमके तेच. आणि कधी कधी एखादा अगदी छोटा शब्द. "तापमान स्थिर असतं" आणि "तापमान स्थिर नसतं" यांत एका अक्षराचा फरक आहे. घाईत बोलताना तो "न" अर्धवट गिळला गेला, की विद्यार्थ्याच्या वहीत उलटा नियम उतरतो. टक्केवारीच्या हिशेबात ही चूक एकच धरली जाते.

दृश्य: जुना दूरदर्शन संच, शेजारी डिकोडरची पेटी.

निवेदन: हवी तेव्हा चालू-बंद करता येणारी कॅप्शन वर्गात नाही, दूरदर्शनवर सुरू झाली. फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात एक प्रात्यक्षिक झालं: प्रसारणाच्या संकेतातच मजकूर लपवायचा आणि ज्याला हवा त्याच्याच पडद्यावर तो उमटवायचा. नियमित प्रसारण सुरू व्हायला १९८० साल उजाडलं, तेव्हाही डिकोडरची वेगळी पेटी लागायची. १९९० मध्ये तिथे कायदा झाला आणि १९९३ पासून १३ इंची किंवा मोठ्या प्रत्येक नव्या संचात हा डिकोडर बसवणं बंधनकारक झालं.

दुसरा टप्पा नोव्हेंबर २००९ चा. यूट्यूबने आपोआप कॅप्शन आणली. ती घडवण्यात केन हॅरेनस्टीन हे स्वतः कर्णबधिर असलेले गूगलचे अभियंता पुढे होते. सुरुवातीला ही सोय मोजक्याच चॅनेलना मिळाली आणि त्यांत बरीच विद्यापीठांची होती. म्हणजे लेक्चर हा या तंत्राच्या पहिल्याच कसोट्यांपैकी एक. तेव्हाची कॅप्शन इतकी विनोदी असायची, की कुणाचा त्यांवर विश्वास बसत नसे. ते एका परीने बरंच होतं.

आताची यंत्रं तशी चुकत नाहीत. २०२२ मध्ये ओपनएआय या कंपनीने व्हिस्पर ही बोलणं मजकुरात उतरवणारी प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिने आणि तिच्यासारख्या इतरांनी कामाचा वेग पार बदलून टाकला, हे मान्यच करायला हवं. पण ही यंत्रं नुसता आवाज ओळखत नाहीत. पुढे कुठला शब्द येणं संभवतं, याचाही अंदाज बांधतात. त्यामुळे त्यांची चूकसुद्धा सफाईदार वाक्यात येते. आणि शांतता आली की त्यांना गप्प बसवत नाही. रेकॉर्डिंगमध्ये लांब विराम असला, तर कुणीच न बोललेली वाक्यं व्हिस्पर लिहून मोकळं होतं, असं संशोधकांनी नोंदवलंय. आता लेक्चरमध्ये लांब विराम कधी येतो? बाई न बोलता फळ्यावर सिद्धता लिहीत असतात तेव्हा.

दृश्य: दोन खिडक्या शेजारी शेजारी. एकीत व्हिडिओ, दुसरीत साधी टेक्स्ट फाईल. हेडफोन लावलेली विद्यार्थिनी ओळी दुरुस्त करते आहे.

निवेदन: ही फाईल नीट बघा. यात काही गूढ नाही. सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, खाली एक किंवा दोन ओळी. मग रिकामी जागा आणि पुढची वेळ. फाईलचा प्रकार एसआरटी असो वा वेबव्हीटीटी, साध्या नोटपॅडमध्ये उघडते. यंत्राचा मसुदा इथे येतो आणि माणसाचं काम इथून सुरू होतं.

ही मुलगी याच विषयात एक वर्ष पुढे आहे. तिला निवडण्याचं कारण तेच. भाषेवर हुकमत असलेला पण विषय न शिकलेला माणूस "आकलन"वरून पुढे सरकला असता. तिचं बोट थांबलं. तासाआधी प्राध्यापिकेने स्लाइड आणि संज्ञांची यादी दिली होती. ती यादी यंत्रालाही दिली, की निम्मी कटकट आधीच मिटते. बऱ्याच प्रणालींत तशी सोय असते आणि बहुतेक ठिकाणी ती वापरली जात नाही.

मग येतो वाचण्याचा वेग. बीबीसीच्या मार्गदर्शक सूचनांत मिनिटाला १६० ते १८० शब्दांची मर्यादा सुचवली आहे. बातम्यांना ती ठीक. लेक्चरमध्ये त्याच डोळ्यांना स्लाइडवरची आकृतीही बघायची असते. ऐकणारा विद्यार्थी कानाने वाक्य घेतो आणि नजर आकृतीवर ठेवतो. कॅप्शनवर शिकणाऱ्याला एकाच वेळी एकच करता येतं. म्हणून ओळी कुठे तोडायच्या, याला महत्त्व आहे. "कार्बन डाय" एका ओळीत आणि "ऑक्साईड" पुढच्या कॅप्शनमध्ये गेलं, की नजर अर्ध्यावर लटकते. अक्षरं स्लाइडच्या शेवटच्या ओळीवर चढली तर तीही हलवावी लागतात. देवनागरीत आणखी एक काळजी: ओळींमध्ये पुरेसं अंतर नसेल, तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात अडकते.

गणिताचं तर वेगळंच प्रकरण. "ए भागिले बी अधिक सी" असं कुणी म्हणालं. भागाकार फक्त बीने, की बी आणि सीच्या बेरजेने? बोलताना हा फरक आवाजातल्या थांब्याने कळतो. "ए भागिले… बी अधिक सी." तो थांबा म्हणजेच कंस. यंत्र शब्द घेतं, थांबा सोडतं. कंस परत आणण्यासाठी फळ्यावर काय लिहिलंय ते पाहावं लागतं आणि ते समजावं लागतं. दृष्टिहीन विद्यार्थ्याची अडचण याच्या उलट: त्याला थांबा ऐकू येतो, फळा दिसत नाही.

आता वादाचा मुद्दा. बोललेलं सगळं लिहायचं का? "म्हणजे काय आहे", "बरोबर?", "ठीक आहे?" हे आधार काढले तर वाचणं सोपं होतं. अनेक संपादक ते काढतात आणि आमच्या मते त्यात बिघडत नाही. पण कर्णबधिर प्रेक्षक फार वर्षांपासून एक हरकत घेत आलेत: आमच्यासाठी काय गाळायचं ते तुम्ही कोण ठरवणार? हरकत रास्त आहे. प्राध्यापक "नाही, नाही, उलट. चुकलो मी" म्हणून मागे येतात, ते गाळलं तर गणित सोडवताना माणूस कुठे अडखळतो, हेच गाळलं जातं. विनोदही ठेवायचा, फसलेला असला तरी. सगळा वर्ग हसला आणि आपल्याला का ते कळलं नाही, हा अनुभव कर्णबधिर मुलांना पुरेसा मिळालेला असतो. म्हणून "वर्गात हशा" हेसुद्धा कंसात लिहायचं. "दार आपटतं" लिहायचं का? प्राध्यापकांनी त्यावरून बोलणं थांबवलं असेल तर होय.

दृश्य: वर्ग. मागच्या बाकावरून कुणीतरी प्रश्न विचारतं. ऐकू येते ती फक्त गुणगुण.

निवेदन: हा प्रश्न कुठलीच प्रणाली वाचवू शकत नाही. माईक प्राध्यापकांच्या कॉलरला, प्रश्न मागच्या बाकावर. पुढची तीन मिनिटं उत्तर आहे आणि प्रश्न नाही. शिकवणाऱ्याने एवढंच करायचं: प्रश्न स्वतः पुन्हा म्हणायचा, मग उत्तर द्यायचं. तसंच "हे इथून तिकडे जातं" म्हणण्याऐवजी "इलेक्ट्रॉन सोडियमकडून क्लोरीनकडे जातो" म्हणायचं. कॅप्शनचं बरंचसं काम असं रेकॉर्डिंग सुरू असतानाच उरकतं किंवा बिघडतं. नंतर त्यावर कितीही तास घाला.

दृश्य: संकेतस्थळांवरची लेक्चरची सूची. कागदपत्रं.

निवेदन: नियमांची बाजू गुंतागुंतीची नाही. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात माहितीची सुगमता आणि शिक्षण हे दोन्ही हक्क आहेत. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४२ वं कलम इलेक्ट्रॉनिक माध्यमांच्या संदर्भात कॅप्शनचा स्पष्ट उल्लेख करतं. वेबच्या सुगमतेचे जागतिक निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओची कॅप्शन सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान पातळीवर ठेवली आहेत. पूर्ण अचूक असल्याची खात्री करून घेतलेली नसतील, तर नुसती आपोआप झालेली कॅप्शन पुरेशी नाहीत, असंही तिथे लिहिलेलं आहे.

तरी भांडणं कोर्टापर्यंत गेली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ या कर्णबधिरांच्या संघटनेने तिथल्या हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांवर खटले भरले: तुमची खुली लेक्चरं जगभर पाहिली जातात, पण अनेकांना कॅप्शनच नाहीत आणि काहींना आहेत ती न वाचण्याजोगी. हार्वर्डने २०१९ मध्ये आणि एमआयटीने २०२० मध्ये तडजोड करून कॅप्शनची हमी दिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत वेगळंच घडलं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने तिथल्या खुल्या व्हिडिओंतल्या त्रुटी दाखवल्या आणि २०१७ मध्ये विद्यापीठाने २० हजारांहून अधिक जुनी ध्वनी-चित्रमुद्रणं सार्वजनिक वापरातून काढून घेतली. कॅप्शन लावण्यापेक्षा कुलूप लावणं सोपं. त्यावर अनेकांनी तक्रारदार कर्णबधिरांनाच दोष दिला, हे जास्त वाईट. पुढे २०२२ मध्ये विद्यापीठाने न्याय विभागाशी करार करून ऑनलाइन मजकूर सुगम करण्याचं मान्य केलं.

दृश्य: बसमध्ये मोबाइलवर, आवाज बंद ठेवून लेक्चर बघणारा मुलगा. तो शोधाच्या चौकटीत एक शब्द टाइप करतो; व्हिडिओ थेट त्या जागी जातो.

निवेदन: कॅप्शन कुणासाठी, याचं उत्तर मात्र मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात ४३ कोटी माणसांना श्रवणदोषासाठी उपचाराची वा साहाय्याची गरज आहे. शिवाय परक्या भाषेत शिकणारे, लक्ष टिकवायला त्रास होणारे, परीक्षेच्या आदल्या रात्री "एन्ट्रॉपी" हा शब्द ४० तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमका कुठे आला ते शोधणारे. मॉर्टन अ‍ॅन गर्न्सबाखर या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी २०१५ मध्ये शंभराहून जास्त अभ्यासांचा आढावा घेतला आणि निष्कर्ष असा निघाला, की कॅप्शनमुळे समज, लक्ष आणि स्मरण सुधारतं, ऐकू येणाऱ्यांचंही.

हे फायदे सांगताना आम्ही जरा सावध आहोत. "सगळ्यांना उपयोगी" म्हणता म्हणता "सगळ्यांना साधारण चालेल" इथपर्यंत घसरायला वेळ लागत नाही. बसमधल्या त्या मुलाला ९५ टक्के चालतं. त्याच्याकडे हेडफोन आहे.

आणि सगळ्या कर्णबधिरांना कॅप्शन पुरतात असंही नाही. ज्यांची पहिली भाषा खुणांची, त्यांच्यासाठी पडद्यावरची लिखित भाषा ही दुसरी भाषा असते. त्यांना दुभाषी हवा. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, ते ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे बोटांनी वाचायची अक्षरं उमटवणाऱ्या उपकरणावर, पूर्ण संहिता वाचतात. ती संहिता याच दुरुस्त केलेल्या फाईलमधून निघते, फक्त फळ्यावरच्या आकृत्यांचं वर्णन त्यात घालावं लागतं.

दृश्य: पुन्हा ती विद्यार्थिनी. पडद्यावर रेकॉर्डिंगची लांबलचक यादी.

निवेदन: या यादीत वर्षानुवर्षांचे तास आहेत. सगळं एकदम होणार नाही, तेव्हा क्रम लावावा लागतो. या सत्रात ज्या विषयाला कर्णबधिर विद्यार्थी बसलाय, तो विषय आधी, आणि कॅप्शन त्याला वर्गातल्या इतरांबरोबरच मिळाली पाहिजेत. परीक्षा झाल्यावर मिळालेली अचूक फाईल त्याच्या काय कामाची? मग दरवर्षी पुन्हा दाखवले जाणारे पायाभूत तास. मग मागणी येईल तसे बाकीचे. हे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना मोबदला द्यायचा आणि प्राध्यापकांच्या कामाच्या तासांत तपासणीचा वेळ धरायचा. नाहीतर यंत्राचा मसुदा तसाच चढतो आणि अहवालात "कॅप्शन उपलब्ध" अशी खूण होते. उरतात ती मागच्या बाकावर फोन ठेवून केलेली, पंख्याच्या घरघरीतली रेकॉर्डिंग. त्यांना कॅप्शन लावत बसण्यापेक्षा तो तास नव्याने रेकॉर्ड केलेला कमी वेळात होतो.