घातीची वेळ

(दृश्य : पाऊस थांबून दोन दिवस झालेलं रान. नांगर बांधावर. एक माणूस वाकून माती उचलतो.)

पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी नांगर अजून बांधावरच आहे. लांबून बघणाऱ्याला वाटेल, हा माणूस उगाच वेळ काढतोय. तो मातीची परीक्षा घेतोय. मूठभर माती घ्यायची, दाबून तिचा गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. गोळा पडून नुसताच चपटा झाला, तर रान अजून ओलं आहे, उद्या बघू. पडताक्षणी भुगा होऊन विखुरला, तर वाफसा आला, म्हणजे ओल औत घालण्याजोगी झाली, जुंपा औत. आणि गोळा वळतच नसेल, तर घात, म्हणजे औत घालायची नेमकी वेळ, निघून गेली.

वाफशावरच्या चांगल्या जमिनीत साधारण निम्मी जागा मातीच्या कणांची आणि कुजलेल्या पालापाचोळ्याची असते. उरलेली निम्मी पोकळी. त्या पोकळीत पाणी आणि हवा जवळजवळ सारख्याच वाट्याने राहतात, आणि मुळांना दोन्ही लागतं. ओल्या रानात औत घातलं की ही पोकळीच दबून जाते. वर निघतात ढेकळं, ती वाळून कडक होतात. खाली, नांगराचा फाळ जिथवर जातो तिथे, एक घट्ट थर बसतो. पुढे पिकाची मुळं त्या थरापर्यंत येतात आणि आडवी वळतात. एका दिवसाची घाई अख्ख्या हंगामाला भोवते.

शेतीत कष्ट आहेत हे सगळेच म्हणतात. कपाळावरचा घाम, भेगाळलेले हात, मागे हळवं संगीत, की चित्रफीत संपली. घाम खराच आहे. पण तो नेमक्या दिवशी गाळावा लागतो, आणि तो दिवस ओळखणं हे त्याहून अवघड काम आहे. त्यात सराव करायलाही फारशी संधी मिळत नाही. वर्षाला एक पीक घेणाऱ्या माणसाने ४० वर्षं शेती केली, तर त्याच्या हातून पेरणी झालेली असते फक्त ४० वेळा.

(दृश्य : पेरणी. ओळीत पडणारे दाणे, जवळून.)

पेरणी बघायला सोपी वाटते. पाभर असो की ट्रॅक्टरमागचं पेरणी यंत्र, प्रश्न तोच : दाणा किती खोल? ठोकळ नियम असा, की दाण्याच्या जाडीच्या दोन-तीन पट. प्रत्येक दाणा आपली शिदोरी बरोबर घेऊनच मातीत जातो. कोंब उजेडात येऊन पहिलं पान हिरवं होईपर्यंत त्याला त्या शिदोरीवरच भागवायचं असतं. बारीक दाणा फार खोल पडला तर शिदोरी वाटेतच संपते आणि कोंब मातीतच मरतो. फार वर पडला तर वरची ओल उडते आणि दाणा अर्धवट फुगून सुकतो. तोवर पाखरांनी टिपला नसेल, तर.

पेरणीच्या आठवडाभर आधी करायची एक साधी चाचणी आहे. मोजून १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, गोणपाट वाळू द्यायचं नाही. काही दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. ८०-८५ ठीक. ६० आले तर बियाणं बदला किंवा त्या हिशेबाने जास्त टाका. या चाचणीला दमडी लागत नाही. तरीही ती राहून जाते, कारण त्याच आठवड्यात रानाची तयारी, बियाण्याची जुळवाजुळव आणि आभाळाकडे बघणं, सगळं एकदमच आलेलं असतं.

माणसाने हे सगळं अंगावर का ओढून घेतलं असेल? रानगव्हाची ओंबी पिकली की आपोआप सुटते आणि दाणे जमिनीवर विखुरतात. गवताच्या दृष्टीने ते उत्तमच, गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने वैताग. काही रोपांत निसर्गतःच असा बदल झाला, की ओंबी पिकूनही काडीलाच टिकून राहिली. कापणाऱ्याच्या हाती अर्थातच तीच जास्त लागली, आणि पुढच्या वर्षी पेरलीही तीच गेली. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात हा व्यवहार पक्का होत गेला. आजचा गहू आपलं बी स्वतः पसरवू शकत नाही. त्याच्या वतीने ते काम माणूस करतो, दर हंगामाला.

(दृश्य : पानातून दिसणारा उजेड. मग शेणखताचा ढीग.)

पीक खातं काय? माती, असं आपण सहज म्हणतो. सतराव्या शतकात यान बॅप्टिस्ट व्हान हेल्मोंट या माणसाने ते तपासून पाहिलं. कुंडीत सुमारे ९० किलो वाळवलेली माती तोलून घातली, त्यात विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे ७६ किलोचं. माती वाळवून पुन्हा तोलली, तर घट जेमतेम ५७ ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला, झाड पाण्याचंच बनतं. हवेचा हिशेब त्याच्याकडून राहिला. झाडाच्या वाळलेल्या वजनाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे पुढे कळलं.

पण ते ५७ ग्रॅम सोडून देण्यासारखे नाहीत. मातीतून जे चिमूटभर उचललं जातं, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि इतर थोडंथोडं, ते कमी पडलं की बाकी सगळं अडतं. शेणखत, कंपोस्ट, पोत्यातलं खत, हा सगळा खटाटोप त्या चिमटीसाठी. नत्राची तर गंमतच आहे. हवेत ७८ टक्के नत्र, आणि झाडाला ते थेट घेता येत नाही. कडधान्याचं रोप हलक्या हाताने उपटून बघा, मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली, तर गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र बांधायच्या कामाला लागलेले आहेत. पांढरट किंवा हिरवट निघाली, तर काम चालू झालेलं नाही किंवा थांबलंय. हेच काम माणसाने कारखान्यात करून दाखवलं ते फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांच्या पद्धतीने. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओप्पाऊ इथे त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं. तिथे ४०० अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. मुळावरची गाठ ते मातीच्या तापमानावर करते.

(दृश्य : खुरपणी. लांबलचक ओळ, उकिडव्या बसलेल्या बाया. दृश्य कापू नये, चालू द्यावं.)

आता जे दिसतंय ते कॅमेऱ्याला आवडत नाही. नांगरटीत धूळ उडते, कापणीत सोनेरी रंग असतो. खुरपणीत काहीच घडत नाही. वीतभर पुढे सरकायचं, तण मुळासकट काढायचं, पुन्हा वीतभर पुढे. गुडघे आणि कंबर दिवसभर त्याच घडीत. ओळींच्या मधलं तण कोळप्याने निघतं, पण ओळीतल्या तणाला हातच लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो हात बाईचा असतो. जगातली ८४ टक्के शेतं २ हेक्टरांपेक्षा लहान आहेत, आणि तिथे मोठं यंत्र परवडत नाही, वळतही नाही.

इथेही वेळेचाच प्रश्न. पिकाच्या वाढीचा पहिला तिसरा हिस्सा तणमुक्त गेला, तर पुढे पीक स्वतःच सावली धरून तणाला दाबतं. तेवढ्या दिवसांत मजूर मिळाले नाहीत किंवा पाऊस हटलाच नाही, तर नंतर कितीही खुरपा, गेलेलं उत्पन्न परत येत नाही.

त्यात ओळखायचं कौशल्य आहे. भातात उगवणारं सामोगवत लहानपणी हुबेहूब भातासारखं दिसतं. नवख्या माणसाच्या हातून भात उपटला जातो आणि तण राहतं. जाणती बाई पान जिथे काडीला मिळतं तो सांधा बघते. भाताला तिथे पातळ पापुद्रा असतो, बाजूला केसाळ कानासारखे बारीक आकडे असतात. सामोगवताला त्या जागी काहीच नसतं. हे ती एका नजरेत ठरवते, दिवसातून हजारदा, आणि रोजंदारीच्या यादीत तिची नोंद ‘अकुशल’ म्हणून होते.

तण एकदा काढून संपत का नाही, त्याचंही उत्तर आहे. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन इथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने तणांच्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरल्या. ठराविक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि बिया उगवतात का ते बघायचं. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया उगवल्या. १४० वर्षांहून जास्त काळ मातीत राहून! आपल्या पायाखाली अशी किती बियाणी दबा धरून बसली असतील, ते दर नांगरटीला थोडंथोडं कळतं.

(दृश्य : पाटाचं पाणी. मग फुलोऱ्यातलं भात.)

पाण्याबद्दल एवढंच. माणूस नद्या, तलाव आणि जमिनीखालून जेवढं गोडं पाणी उपसतो, त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं. पण किती दिलं याइतकंच कधी दिलं हेही महत्त्वाचं. उष्ण प्रदेशातल्या गव्हाला पेरणीनंतर २१ दिवसांच्या आसपास मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडातून निघणारी मुळं, फुटतात. त्या वेळचं पाणी चुकलं तर फुटवे कमी येतात, आणि नंतर दुप्पट पाणी देऊन ते भरून निघत नाही. भाताचं फूल तर सकाळी उमलतं आणि साधारण तासाभरात मिटतं. त्या तासाला तापमान ३५ अंशांच्या वर गेलं, तर परागकण निकामी होऊ लागतात आणि लोंबीत दाण्याऐवजी पोकळ पळंज भरतं. यावर शेतकऱ्याच्या हातात फारसं काही नाही. लवकर उमलणारं वाण निवडणं किंवा पेरणीची तारीख मागेपुढे करणं, तेवढंच. म्हणजे तीन महिन्यांनंतरच्या एका तासाचा अंदाज पेरतानाच करायचा.

(दृश्य : कापणी, मळणी, उफणणी.)

पीक पिकलं, आता तरी निवांत? उलट. लवकर कापलं तर दाणा कच्चा, चिरमुटलेला. उभं ठेवलं तर दाणे झडतात, पाखरं आणि उंदीर आपला वाटा उचलतात. अवेळी पाऊस आला, तर ओंबीतच कोंब फुटतात. कापून झोडपून उफणायला घेतलं, की वारा हवा. तोही एकसारखा. वारा पडला तर सूप हातात धरून बसून राहायचं. मळणी यंत्र हे सगळं तासांत उरकतं, पण ते यंत्र त्याच आठवड्यात सगळ्यांनाच हवं असतं.

धान्य खळ्यावर आलं तरी त्यात ओल असते. साठवायचं तर ती १२ ते १४ टक्क्यांपर्यंत उतरवावी लागते, नाहीतर बुरशी आणि सोंडे लागतात. ओलावामापक नसला तर दाणा दाताखाली धरायचा. कट्‌ असा तुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन द्या. कापणीनंतर आणि दुकानात पोचण्याआधी जगातलं सुमारे १३ टक्के अन्न वाया जातं, त्यातलं काही या दोन-तीन ओल्या दिवसांपायी.

आणि मग विक्री. मळणी झाली की सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येतो, भाव खाली बसतो. ज्याच्याकडे कोरडं कोठार आहे आणि डोक्यावर देणं नाही, तो थांबतो. ज्याने बियाणं आणि खत उधारीवर उचललं, त्याचा माल खळ्यावरूनच जातो. बरेच देश यावर एक सोय करू पाहतात : धान्य नोंदणीकृत गोदामात ठेवायचं, त्याची पावती तारण देऊन कर्ज घ्यायचं, आणि भाव चढला की विकायचं. मात्र गोदामवाला आधी ओल मोजतो. म्हणजे कापणीनंतरच्या त्या आठवड्यात ऊन पडलेलं असावं लागतं.