उपकेंद्रातल्या टॅबसमोर

गगनबावडा तालुक्यातील या आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर चिखलाने भरलेल्या चपलांची रांग सकाळीच लागते. कोल्हापूर येथून सुमारे ५० किलोमीटर आहे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे सीपीआर, गाठायचे तर एसटी, केसपेपरची रांग आणि परतीची गाडी यांत येथे तपासणीला आलेल्या एका आजींबरोबर सोबतीच्या माणसाचाही दिवस मोडतो, आणि रोपलावणीच्या दिवसांत त्याची मजुरी बुडते.

भारत सरकारची ई-संजीवनी, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारी सेवा, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे, म्हणजे अशा दुरून दिलेल्या वैद्यकीय सल्ल्याचे, नियम आले आणि एप्रिलमध्ये रुग्णाला घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोयही झाली. मात्र डोंगराळ भागात खरी उपयोगी पडते ती उपकेंद्रातून होणारी भेट, कारण तेथे रुग्णाशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी असतात.

काम कसे चालते ते पाहा. येथील आरोग्य अधिकारी मॅडम आधी रक्तदाब मोजतात, बोटाला सुई टोचून साखर पाहतात, वजन घेतात, जुन्या गोळ्यांची पाकिटे पिशवीतून काढून एकेक नाव टॅबवर नोंदवतात आणि मगच डॉक्टरांना जोडून देतात. समोरच्या डॉक्टरांना आकडे आधीच दिसत असल्याने सगळा वेळ प्रश्नांना मिळतो. पायाला मुंग्या येतात का, असे ते विचारतात. आजी नाही म्हणतात. तरीही डॉक्टर तळवा दाखवायला सांगतात; मॅडम टॅब खाली नेतात, आणि टाचेजवळ आजींना स्वतःलाही न जाणवलेली जखम पडद्यावर येते. मधुमेहात पायाची संवेदना मंदावू शकते, म्हणून अशा जखमा अनेकदा दुखत नाहीत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मॅडम पावलावरची नाडी चाचपतात. पडद्यापलीकडून स्पर्श करता येत नाही, ही या पद्धतीची मर्यादा आहे, आणि ती भरून काढणारे हात येथे आहेत. (रेंज मध्येच गेली, तेव्हा मात्र सर्वांनाच थांबावे लागले.)

गोळ्यांची चिठ्ठी लगेच निघते. जखमेसाठी आजींना सीपीआरला जावेच लागेल. पण आता तेथे कोणाकडे आणि कशासाठी जायचे, हे कागदावर लिहिलेले आहे. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आले तरी नेहमीच्या गोळ्या खंडत नाहीत.

बाहेर पुढचे नाव पुकारले जाते. आजी पायरीवर बसून चप्पल शोधत आहेत.